गाडीचा रंग घरच्या घरी: चरे, क्षाराचे डाग, पॉलिश वगैरे

भटक्या_सातारकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, गडद निळा मेटॅलिक रंग. इंजिनाची काही तक्रार नाही, अजून बरीच वर्षं ठेवायचा विचार आहे. पण रंगाची पार रया गेली आहे. सावलीत बरी दिसते, पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटभर गोल गोल चऱ्यांचं जाळं. डाव्या दारांवर पांढरे ठिपके पडलेत, कारण शेजारच्या कुंड्यांना बोअरचं पाणी पाइपनं घालतात आणि ते उडतं. टपावर हात फिरवला तर खरखरीत. मागच्या दारावर कोणीतरी किल्लीनं ओढलेली रेघ. एका दुकानात विचारलं तर त्यांनी दुसरं काही न बोलता थेट सिरॅमिक कोटिंगच (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) सांगितलं, आणि आकडा ऐकून मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो. रविवार मोकळे आहेत, हातपाय धड आहेत. घरी काय जमेल आणि कशाच्या नादी लागू नये?

चाकणकर
तुमच्या चार तक्रारी आहेत आणि चारींची औषधं वेगळी. मी पेंट शॉपमध्ये नोकरी करतो, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, सोसा.

पत्र्यावर सगळ्यात आधी असतो ईडी कोट. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं चढवतात, गंज थोपवायला. त्यावर प्रायमर, त्यावर तुमचा निळा बेस कोट आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. जी चमक दिसते ती याची, आणि ऊन अडवणारी द्रव्यंही यातच असतात. पॉलिश केल्यानं चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात, म्हणून तो दिसेनासा होतो. या खात्यातून पैसे फक्त काढता येतात. त्यामुळे मशीन विकत घेण्याआधी चरे पडतात कशानं ते बघा, नाहीतर दर दिवाळीला पॉलिश आणि पाचव्या दिवाळीला रंगकाम.

आणि ते चरे गोल नसतात बरं का. वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या भोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. दिवा सरकवा, वर्तुळंही सरकतील. असे बारीक चरे बहुतेक वेळा एकाच कारणानं पडतात: कोरड्या धुळीवर फिरवलेलं फडकं.

रेवती_म
म्हणजे आमच्या सोसायटीत रोज सकाळी जे चालतं ते! एक बादली, एक पिवळं फडकं, बारा-पंधरा गाड्या. शेवटच्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. मी कमिटीवर आहे, हा विषय काढला की लोक म्हणतात, "मग त्याला काढून टाकू." त्याची काय चूक? सात वाजता येतो, नऊच्या आत सगळ्या गाड्या पुसून हव्यात, पाण्याचा नळ बी विंगच्या मागे. धूळ दिसली की हेच लोक त्याला फोन करतात.

चाकणकर
रेवतीताई, अगदी. त्याला काढू नका, काम बदला. रोज फक्त काचा, आरसे आणि दिवे पुसायचे. पत्र्याला हात लावायचा तो आठवड्यातून एकदा आणि भरपूर पाण्यानं. पैसे तेच ठेवा. वर प्रत्येकानं आपापली दोन मायक्रोफायबर फडकी डिकीत ठेवायची, म्हणजे शेजारच्या गाडीची रेती आपल्या गाडीवर येत नाही. गाडीवर धूळ नुसती बसून राहिली तर काही बिघडत नाही, ती पुसायला गेलात की बिघडतं.

मांजराकाठचा
भरपूर पाणी म्हणे! आम्ही लातूरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडे पाणी आलं होतं. इथं कोणी पाइप लावून गाडी धुवायला लागला तर शेजारी बोलणं टाकतात, आणि बरोबर करतात. आमच्यासाठी काही आहे का, की मराठवाड्यानं चरे घेऊनच फिरायचं?

चाकणकर
आहे की. रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. बादलीभर पाण्यात टोपणभर टाकायचं, नंतर खंगाळावं लागत नाही. त्यातली पॉलिमर धुळीचे कण वेढून घसरते करतात. चार-पाच फडकी त्यात भिजवायची, एक काढायचं, घडी घालून एका बाजूनं एक पत्रा पुसायचा, बाजू बदलायची, सगळ्या बाजू संपल्या की फडकं बाजूला. वापरलेलं फडकं परत बादलीत घालायचं नाही, इथंच लोक घोळ घालतात. अख्खी गाडी आठ-दहा लिटरमध्ये होते. चिखलानं माखलेल्या गाडीला मात्र हे चालत नाही.

मांजराकाठचा
आमच्या गावाकडचा जुगाड सांगतो मग. पाठीवरचा फवारणीचा पंप, पण कोरा, तणनाशकाला वापरलेला नव्हे. त्यात हेच द्रावण भरून आधी सगळ्या गाडीवर फवारतो, पाच मिनिटं निथळू देतो. निम्मी माती आपोआप खाली येते. मग फडकं.

चाकणकर
याला जुगाड म्हणू नका, चाळीस हजारांचं प्रेशर मशीन हेच काम करतं.

ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी: आधी नुसतं पाणी, वरून खाली. मग दोन बादल्या, एक शांपूची, एक साध्या पाण्याची. मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, शांपूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात पिळायचा, मग परत शांपू. बंपरचा आणि दारांचा खालचा भाग शेवटी, चाकांचं फडकं पूर्ण वेगळं. वाळवताना घासू नका, मोठा टॉवेल पत्र्यावर पसरून हलकेच ओढा. हातातून जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. भांड्यांचं लिक्विड एरवी नको, त्यानं मेण उतरतं. पॉलिश करायच्या आदल्या दिवशी मात्र एकदा चालेल, तेव्हा मेण उतरवायचंच असतं.

भटक्या_सातारकर
बरं, ही सवय लावतो. पण पांढऱ्या ठिपक्यांचं काय? शांपूनं जात नाहीत.

चाकणकर
जाणारच नाहीत, ते क्षार आहेत. आम्लानं विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. फडकं भिजवून दोन-तीन मिनिटं डागावर ठेवा, घासू नका, मग धुऊन टाका. वाळू द्यायचं नाही. ठिपका गेला आणि त्या जागी नखानं न जाणवणारी पण तिरक्या उजेडात दिसणारी पुसटशी कडी राहिली, तर क्षारानं क्लिअर कोट कोरला आहे. ती कडी पॉलिशनं कमी होते. फार खोल असेल तर तशीच राहू द्या. आणि त्या कुंड्यावाल्यांशी बोला, ते व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडेल.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, इकडे अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, सावलीत गाडी लावायची तर झाडाखाली, अन् झाडावर कावळे. पक्ष्याच्या विष्ठेचा डाग संध्याकाळपर्यंत रंगात उतरून जाते. काहून होते असं?

चाकणकर
दोन कारणं. विष्ठेत यूरिक आम्ल असतं, हे एक. दुसरं, उन्हानं क्लिअर कोट तापून थोडा मऊ होतो, फुगतो. विष्ठा वरून वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा थंड झाला की क्लिअर कोट त्या कडक खपलीभोवती आकसतो आणि तिचा ठसा घेऊन बसतो. म्हणून डाग वाळायच्या आत काढणं महत्त्वाचं. गाडीत पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि टिश्यू ठेवा. ओला टिश्यू डागावर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा. नखानं खरवडू नका. विष्ठेत बिया असतात, वाळू असते, ते नुसतं पुसलं तरी चरे.

हापूसप्रेमी
झाडाखालच्या गाडीवरून आठवलं. रत्नागिरीकडे मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नका. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि गोड चिकटा खाली पडतो. सकाळी काच अशी होते की वायपर चिकटून कुरकुरतो. चार दिवस तसंच ठेवलं की त्यावर काळी बुरशी धरते. पाहुणे मुंबईहून येतात, हौसेनं आंब्याखालीच लावतात, आपण सांगायचं किती! ताजा असेल तर कोमट पाणी आणि शांपू पुरतो, साखरच ती.

रेवती_म
आमच्याकडे पार्किंगवर विलायती शिरीष आहे, त्याचंही असंच. दुकानदार म्हणाला रॉकेलनं पुसा.

चाकणकर
रॉकेल, डिझेल अख्ख्या गाडीला नको. तेलकट थर राहतो, तात्पुरता चकाकतो आणि दुपारपर्यंत दुप्पट धूळ धरतो. खिडक्यांचं रबरही फुगतं. रॉकेलचा एकच उपयोग, डांबराचे ठिपके. कापसाच्या बोळ्यावर घेऊन तेवढ्याच जागी, आणि लगेच शांपूनं धुवायचं.

आता सातारकरांचं खरखरीत टप. धुतल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून त्यावरून हात फिरवा. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून वाळूसारखं लागतं. रुळांच्या आणि ब्रेकच्या लोखंडी कणांचं, एमआयडीसीच्या धुराचं हे बसलेलं असतं. त्याला आधी आयर्न रिमूव्हर: फवारलं की लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. वास मात्र सडक्या अंड्याचा, मोकळ्या जागेतच करा. मग क्ले बार, म्हणजे मळलेल्या चिकणमातीसारखी वडी. शांपूच्या पाण्यानं पत्रा बुळबुळीत ठेवायचा, क्ले चपटा करून दोन बोटांनी, अजिबात जोर न लावता, सरळ रेषेत फिरवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, खर्र आवाज येतो, मग एकदम घसरायला लागतो. तेवढी जागा झाली. उलटून बघा, पांढरा क्ले तपकिरी झालेला असेल. आत घडी घालून नवा भाग बाहेर काढा. खाली पडला तर टाकून द्या, कितीही नवा असला तरी.

टूथपेस्टवाला_बंड्या
एवढं सगळं कशाला? चऱ्यावर टूथपेस्ट लावा, पाच मिनिटं घासा, गायब. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत.

चाकणकर
टूथपेस्टमध्ये बारीक अपघर्षक असतं, त्यामुळे काहीतरी होतं हे खरं. पण ते अपघर्षक दातांसाठी मोजलेलं, रंगासाठी नव्हे. एका चऱ्याच्या जागी शंभर बारीक चरे करून तो भाग धुरकट होतो, पांढऱ्या गाडीवर कळत नाही म्हणून व्हिडिओ नेहमी पांढऱ्या गाडीचेच. निळ्या गाडीवर करून दाखवा.

टूथपेस्टवाला_बंड्या
माझी पांढरीच आहे 😄

मलबारहिल_ते_माहीम
मी जरा वेगळ्या पिढीचा. माझ्याकडे १९८४ ची पद्मिनी आहे, फिकट हिरवी, मूळ रंगाची. तिला पॉलिश करताना फडक्यावर हिरवा रंग येतो. नव्या पोरांनी ते पाहून ओरडा केला, "काका, रंग निघतोय!" त्यांना समजावून सांगाल का?

चाकणकर
काका, तुमच्या गाडीवर क्लिअर कोटच नाही. त्या काळी एकाच थराचा रंग असे, चमकही त्याचीच. उन्हानं वरचा थर मरतो, खडूसारखा होतो. पॉलिशनं तो मेलेला थर निघतो, म्हणून फडकं हिरवं. अशा रंगाला हाताचं सौम्य पॉलिश आणि वर मेण, एवढंच. पत्र्याच्या कडा आणि उंचवट्याच्या रेघा सांभाळा, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो. २०१५ च्या मेटॅलिक गाडीवर मात्र पॉलिश करताना पॅड निळा झाला तर जागीच थांबा. क्लिअर कोट संपला.

भटक्या_सातारकर
धुणं, व्हिनेगर, आयर्न रिमूव्हर, क्ले झालं. टप आता काचेसारखं लागतं. ठिपके बहुतेक गेले, मागच्या दारावर पाच-सहा कड्या राहिल्यात. आता मशीन सांगा. गल्लीतला एक जण ग्राइंडरला लोकरीचा बफ लावून देतो म्हणतोय.

चाकणकर
ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. पॉलिशला इतका वेग कधीच लागत नाही. एका जागी दोन सेकंद रेंगाळला की रंग जळून प्रायमर दिसेल. त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

डीए पॉलिशर घ्या, म्हणजे स्वतःभोवती फिरता फिरता बाजूलाही हलणारं. उष्णता कमी होते, नवशिक्याच्या हातून नुकसान होणं अवघड. सोबत दोन-तीन फोमचे पॅड, एक मध्यम आणि एक मऊ पॉलिश. जहाल कंपाउंड आत्ता घेऊच नका.

आधी कडा, रबर, काळं प्लास्टिक यांना मास्किंग टेप. मग बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन निवडा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच पत्र्यावर टेकवून फासा, मग कमी वेगावर सुरू करा. वेग वाढवून आधी आडवं, मग उभं, अर्धा पॅड मागच्या ओळीवर येईल असं, चार ते सहा वेळा. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. मशीनचं वजन पुरतं, दाबायची गरज नाही. पुसा, टॉर्च तिरका धरून बघा. मऊ पॉलिशनं ऐंशी टक्के चरे गेले की तिथंच समाधान माना. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी जो क्लिअर कोट जातो तो परत येत नाही. गेले नाहीत तरच मध्यम पॉलिश. त्या चौकोनावर जे चाललं तेच सगळ्या गाडीला.

बंपर प्लास्टिकचा आहे, तो उष्णता सोडत नाही, तिथं निम्म्या वेळा. पॅड भरला की ब्रशनं साफ करा. आणि प्रत्येक भाग झाल्यावर निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल यानं पुसून खात्री करा. बाजारातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि भराव असतो, चरे तात्पुरते झाकतात, दोन धुण्यांत परत हजर. शोरूममध्ये 'ट्रीटमेंट' करून आणलेली गाडी महिन्याभरात पूर्ववत होते त्याचं गुपित बहुधा हेच.

एक राहिलं. टपावर किंवा बॉनेटवर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटून पांढरट नकाशे झाले असतील, तर त्याला पॉलिश, मेण, कोटिंग काही नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग.

भटक्या_सातारकर
बॉनेट आणि टप केलं. उन्हात उभी केली, टॉर्च मारला, जाळं जवळजवळ गेलं आहे. पाच-सात सरळ खोल रेघा दिसतात त्या सोडल्या. निळ्या रंगातली चंदेरी कणी आता दिसते, ती मी गाडी घेतल्यापासून विसरलोच होतो. खांदे मात्र कामातून गेलेत. यावर काय लावू? मेण की कोटिंग?

चाकणकर
कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं असतं. दिसतं सुंदर, आपल्या उन्हात महिना-दीड महिना टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणासारखंच लावायचं कृत्रिम द्रव्य, चार-सहा महिने. सिरॅमिक त्याहून जास्त, पण 'नाइन एच' ऐकून दगडाला पुरून उरेल असं समजू नका. तो पेन्सिलीच्या शिशानं ओरखडून थराचा कठीणपणा मोजायचा मापदंड आहे. पाणी घसरतं, डाग उशिरा धरतो, धुणं सोपं होतं, एवढं नक्की. खडी उडाली की टवका जातोच, त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते. तुमच्यासाठी सीलंट. वर्षातून दोनदा, एकदा पावसाच्या आधी.

पूर्वा_जोग
दसरा आला म्हणून विचारते. सासूबाई बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, तेही ठसठशीत. मागच्या वर्षीचं अजून पुसट दिसतंय, गाडी पांढरी. झेंडूच्या हाराच्या तारेनं ग्रिलजवळ ओरखडे पडलेत ते वेगळेच. सांगायची सोय नाही.

रेवती_म
आम्ही काचेवर काढतो. "समोर दिसलं पाहिजे ना, म्हणून" असं सांगितलं, लगेच पटलं. हार तारेऐवजी सुतळीनं ओवायला सांगायचा.

चाकणकर
रेवतीताईंचा उपाय सर्वोत्तम. हळदीची काळजी करू नका, ती उन्हानं आपोआप विटते. कुंकवातला लाल रंग हट्टी. आधी शांपू, मग आयसोप्रोपिल, तरी राहिला तर तेवढ्या जागी हातानं मऊ पॉलिश. गाडीवर गुलाल पडला तर कोरडा झटकू नका, पाण्याच्या धारेनं उडवा.

भटक्या_सातारकर
आता शेवटची किल्लीची रेघ. नख अडकतं.

चाकणकर
नख अडकलं म्हणजे पॉलिशच्या हाताबाहेर. आत पांढरं किंवा राखाडी दिसत असेल तर प्रायमरपर्यंत गेली आहे, चकाकता पत्रा दिसला तर पावसाच्या आत बुजवा. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्यावरून टचअपची बाटली मिळते. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा. अल्कोहोलनं पुसून, बाटलीच्या ब्रशनं नव्हे तर टूथपिकच्या टोकानं, रेघेच्या आतच रंग सोडा. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा थर. शेवटी क्लिअर. जवळून रेघ दिसेल, चार पावलांवरून नाही. वॉटर पेपरनं (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर) सपाट करायचा मोह आवरा, दोन हजार नंबरचा पेपरही क्लिअर कोट भराभर खातो.

वऱ्हाडी_ठेचा
धागा चाललाच आहे तर हेडलाइटचंही सांगून टाका. पार पिवळे झालेत, रात्री रस्ता दिसत नाही.

चाकणकर
ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावरचा ऊन अडवणारा थर मेला आहे. इथं वॉटर पेपर चालतो. भोवती टेप लावून, भरपूर पाण्यात १००० नंबर, मग २०००, मग ३०००, प्रत्येक वेळी दिशा बदलून. आधी दुधाळ पाणी पिवळं निघतं, ते पांढरं होईपर्यंत पहिला पेपर सोडू नका. मग पॉलिश. बहुतेक जण इथं थांबतात आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळं होतं, कारण नवा यूव्ही थर चढवलेलाच नसतो. पुसून लावायचं यूव्ही कोटिंग किटमध्ये मिळतं, तेच घ्या. टूके क्लिअरचा (हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर कोट) स्प्रे जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, बंद पार्किंगमध्ये तर नाहीच.

वऱ्हाडी_ठेचा
किटच घेतो. मास्क लावून अकोल्याच्या उन्हात उभं राहणं काही होत नाही भाऊ.